खुलासा: पलंगाखाली लपलेल्या कुत्र्याला ओढून काढू नका

‘दत्तक आणलेलं घाबरट कुत्रं पलंगाखालून ओढून काढा, सगळ्यांनी आळीपाळीने मांडीवर घ्या, दोन दिवसांत भीती मोडते’ असा सल्ला व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतोय. तो चुकीचा आहे. मांडीवर निपचित पडलेलं कुत्रं बहुधा शांत नसतं, भीतीने थिजलेलं असतं: शेपूट पोटाखाली, कान मागे, डोळ्यांचा पांढरा भाग दिसतो. तरीही सोडलं नाही, तर ते चावू शकतं.

लपायची जागा राहू द्या, पाणी जवळ ठेवा. एकानेच कुत्र्याकडे तोंड न करता, बाजूला वळून जमिनीवर बसावं आणि नजर न भिडवता बिनमिठाच्या उकडलेल्या चिकनचे नखाएवढे तुकडे टाकावेत. हाडं नकोत. हातातून खायला कधी आठवडेही लागतात, लागू देत. फिरवताना गळपट्टा आणि हार्नेस (छातीभोवतीचा पट्टा) दोन्हींना दोरी हवी. फटाका वाजला की नुसत्या गळपट्ट्यातून मान मागे खेचून ते निसटू शकतं. 24 तासांत पाण्याला तोंडच लावलं नाही, तर मात्र पशुवैद्याला दाखवा.