फ्लीट स्ट्रीटवर एकादशी

व्याही माळकरी मिळाला की लोक म्हणतात, नशीब काढलंत. मीही म्हणतो, विशेषतः चारचौघांत. आमचे आबा सासवडचे, भूमी अभिलेख खात्यातून निवृत्त झालेले, गळ्यात तुळशीची माळ, आषाढीला सोपानकाकांच्या पालखीबरोबर पायी पंढरपूर. माणूस शंभर नंबरी. खोट काढायचीच तर एकच, की ते समोर असले की मला पिता येत नाही.

पितो म्हणजे काही रोज नाही. ठाण्याच्या घरी, शनिवारी, बाल्कनीत, एक बिअर. फार तर दीड. पण मुलीच्या लग्नाच्या बैठकीत विहीणबाईंनी आपलं सहज विचारलं, "यांना काही...?" आणि त्यांचं वाक्य पुरं व्हायच्या आत आमच्या हिने "छे हो, आमच्याकडे सुपारीचं खांडसुद्धा नाही" असं जाहीर करून टाकलं. बैठकीत बोललेला शब्द तो. तेव्हापासून दोन्ही घरांच्या दप्तरी माझी नोंद 'निर्व्यसनी' अशी आहे, आणि आबांच्या खात्यात एकदा झालेली नोंद बदलून घ्यायला काय यातायात पडते हे सातबाऱ्यासाठी हेलपाटे घातलेल्यांना वेगळं सांगायला नको.

नातवाच्या बारशाच्या निमित्ताने दोन्हीकडचे आजी-आजोबा एकाच वेळी लंडनला जमले. दोन्ही आज्यांना बाळ पुरत होतं. आम्ही दोघं आजोबा सोफ्यावर. झाडलोट सुरू झाली की पाय वर घ्यायचे, झाली की खाली सोडायचे, एवढंच काम. शेवटी लेकीने माझ्यासाठी फ्लीट स्ट्रीटच्या जुन्या पबांची पायी सहल बुक केली. हळूच कानात म्हणाली, "बाबा, प्रत्येक ठिकाणी अर्धा पाइंट तिकिटातच आहे. मजा करा." माझे डोळे भरून आले. ते पुसतोय तोच मागून जावईबापूंचा उत्साही आवाज आला, "अगं, आबांचंही काढ ना! त्यांना इतिहास किती आवडतो!"

मला वाटलं, आबा नको म्हणतील. पब, त्यातून गुरुवार, आणि गुरुवारी नेमकी एकादशी. आबा म्हणाले, "जागा बघायला काय हरकत आहे? बघितल्याने विटाळ होत नाही. आणि पाव्हणे बरोबर आहेत, मग काय काळजी?" पाव्हणे म्हणजे मी.

आमच्या गाईडबाई साठीच्या, तरतरीत, हातात लाल छत्री. पबची सहल म्हणजे पबमध्ये बसायचं अशी माझी भाबडी समजूत होती. वास्तविक या प्रकारात बहुतेक वेळ पबच्या बाहेर, फुटपाथवर, एका पायावरून दुसऱ्या पायावर भार टाकत उभं राहायचं असतं. आत बिअर आहे, ती खिडकीतून दिसते आहे, आणि आपल्याला सांगितलं जातंय की 1393 साली राजा दुसरा रिचर्ड याने दारू विकणाऱ्या घरांवर पाटी टांगणं सक्तीचं केलं. लोकांना वाचता येत नसे, म्हणून पाटीवर चित्र. आबांनी डायरी काढली. "पाटी नाही लावली तर दंड काय होता?" त्यांनी विचारलं. बाई खूश झाल्या. मागे उभा असलेला एक ऑस्ट्रेलियन पोरगा नाराज झाला. त्या क्षणी मी मनाने ऑस्ट्रेलियन होतो.

पहिला मुक्काम उच्च न्यायालयाच्या मागच्या केअरी स्ट्रीटवरचा 'सेव्हन स्टार्स'. 1602 सालचा म्हणतात, म्हणजे शेक्सपिअर हयात होता तेव्हाचा. 1666च्या भीषण आगीत निम्म्याहून जास्त शहर जळालं, पण ती इथपर्यंत पोचली नाही. जागा एवढीशी, की आमचा घोळका आत शिरल्यावर आत असलेल्या वकिलांना श्वास आळीपाळीने घ्यावा लागत असणार. काउंटरवर अर्ध्या अर्ध्या पाइंटचे ग्लास मांडून ठेवलेले. तांबूस, वर बोटभर फेस. मी मनात हिशेब केला की आबा घेणार नाहीत, पण 'तिकिटात आहे, टाकायचं कसं' म्हणून मी निरुपायाने घेतला तर...

तेवढ्यात आबांनी दोन्ही ग्लास उचलले होते. एक माझा, एक त्यांचा. वाया जाणं हा शब्द आबांच्या कोशात नाही. त्या ऑस्ट्रेलियन पोराच्या आणि त्याच्या मैत्रिणीच्या हातात ते देत आबा खास सरकारी इंग्रजीत म्हणाले, "काइंडली अ‍ॅक्सेप्ट. वुई बोथ नॉट ड्रिंकिंग. फॅमिली ट्रॅडिशन." आणि माझ्या खांद्यावर हात ठेवून हसले.

आता त्या देशातली एक रीत सांगायला हवी. पबमध्ये कुणी तुम्हाला पाजलं, की पुढची फेरी तुमची. ही रीत न पाळणाऱ्याला तिथे माणसांत धरत नाहीत. ते ऑस्ट्रेलियन पोरगंही खानदानी निघालं. पुढच्या पबमध्ये त्याने आमच्यापुढे दोन मोठे ग्लास आणून ठेवले. लाइम कॉर्डियल आणि सोडा. पूर्ण पाइंट. म्हणजे 568 मिलिलिटर. आबांना ते फार आवडलं. "लिंबू चालतं हो उपासाला," ते म्हणाले. तिथे आबांनी आमचे दोन अर्धे ग्लास एका जर्मन जोडप्याला दिले. त्याच्या पुढच्या ठिकाणी जर्मन जोडप्याने दोन लाइम सोडा आणले. अशा रीतीने दर मुक्कामाला माझी बिअर परदेशी जात राहिली आणि बदल्यात सरबत येत राहिलं.

आबांची फराळाचीसुद्धा चैन झाली. मला वाटलं होतं, पबमध्ये माळकरी माणसाने एकादशीला खायचं काय? तर काउंटरमागे टांगलेल्या पाकिटांत खारे शेंगदाणे आणि साध्या मिठाचे बटाट्याचे वेफर्स. इंग्रज दारूबरोबर काय खातो, तर आपला उपासाचा फराळ! शेजारीच डुकराच्या कातडीच्या तळलेल्या कुरकुरीत तुकड्यांची पाकिटं टांगलेली होती, पण आबा काहीही तोंडात टाकण्याआधी पाकिटावरचं बारीक अक्षर पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचतात. चीज-कांद्याचे वेफर्ससुद्धा कांद्यापाशी बाद झाले.

मधे फ्लीट स्ट्रीटवरच्या 'एल विनो' या वाईन बारपाशी बाईंनी थांबवलं. पूर्वी इथे वकील आणि पत्रकार यांचा राबता. पण बाईमाणसाने काउंटरपाशी उभं राहून मागवायचं नाही, मागच्या खोलीत बसायचं, टेबलावर मिळेल, असा नियम. दोन बायकांनी दावा लावला आणि 1982 साली अपील कोर्टाने हा नियम बेकायदा ठरवला. आबांनी मान डोलावली, निकाल योग्य आहे म्हणाले. मी विचार करत होतो, ठाण्याच्या पुरुषाला काउंटरपाशी उभं राहून मागवता यावं म्हणून कुठल्या कोर्टात जायचं असतं?

तिथून पुढे एका बोळात 'ये ओल्ड चेशायर चीज'. आगीनंतर 1667 साली पुन्हा बांधलेला. दाराशी एक फलक आहे, त्यावर दुसऱ्या चार्ल्सपासून या जागेने पाहिलेल्या राजाराण्यांची नावं सनावळीसकट ओळीने लिहिली आहेत. आबा त्या फलकापुढे हात जोडायचेच बाकी राहिले होते. "बघा पाव्हणं, कसे फेरफार नोंदवलेत! राजे बदलले, पण वहिवाट मोडलेली नाही." मग ते आत वळले. आत अंधार, जमिनीवर लाकडाचा भुसा, छत इतकं खाली की पुढच्याने डोकं वाकवलं की मागच्याने मुकाट्याने वाकवायचं. आणि खाली तळघरं, त्या तळघरांना तळघरं.

बाई म्हणाल्या, शब्दकोशकार डॉक्टर जॉन्सन मागेच गॉफ स्क्वेअरमध्ये राहायचे, कोश 1755 साली आला, आणि ते इथे येऊन बसत. आबांनी चष्मा वर केला. "कागदोपत्री पुरावा?" बाई थबकल्या. मग प्रामाणिकपणे म्हणाल्या, की जॉन्सनची बारीकसारीक हकिगत लिहून ठेवणाऱ्या बॉस्वेलने या पबचा कुठेही उल्लेख केलेला नाही. आबांनी डायरीत लिहिलं, 'दावा सिद्ध नाही.' माझ्या मनात आलं, शे-दोनशे पावलांवर राहणारा माणूस इथे आलाच नसेल हे कसं शक्य आहे? पण आला असेल आणि बॉस्वेलला दिसला नसेल, हे अगदी शक्य आहे. जॉन्सनच्या घरी बैठकीत काय बोलणं झालं होतं, हे आपल्याला कुठे ठाऊक आहे?

इथे पॉली नावाचा पोपट होता. 1926 साली मेला तेव्हा जगभरच्या वर्तमानपत्रांत त्याच्यावर मृत्युलेख आले. पहिलं महायुद्ध संपल्याच्या रात्री त्याने शँपेनचं बूच उडाल्याचा आवाज म्हणे 400 वेळा काढला आणि तो बेशुद्ध पडला. सगळे हसले. मला त्या पोपटाबद्दल फार आत्मीयता वाटली. पिंजऱ्यात बसून नुसते दुसऱ्यांचे ग्लास मोजणाऱ्याचं दुःख कळायला त्याच जातीचं असावं लागतं.

एव्हाना लाइम सोड्याने आपलं काम सुरू केलं होतं. जुन्या पबांत स्वच्छतागृह कधीही समतल जागी नसतं. ते एक तर तळघरात असतं, नाही तर माडीवर, आणि जिना दोन्हीकडे सारखाच. अरुंद, वळणाचा, एका वेळी एकाच माणसाचा. सत्तरीच्या आसपासचे दोन पुरुष, पोटात पाइंटापाइंटाने सरबत. त्या जिन्यांच्या पायऱ्या मला लंडनच्या कुठल्याही स्मारकापेक्षा जास्त पाठ आहेत. आबा आत गेले की मी वर उभा, मी गेलो की आबा. वर काउंटरपाशी मी एकटा असे ते तेवढ्याच वेळात. पण दर खेपेला बाई छत्री उंच करत आणि फौज पुढे निघे.

'ओल्ड बेल'मध्ये तर कळस झाला. सेंट ब्राइड्स चर्च आगीत जळालं. ते पुन्हा बांधणाऱ्या क्रिस्टोफर रेनने आपल्या गवंड्यांसाठी हा पब बांधला असं सांगतात. आबांनी पुरावा विचारला नाही, कारण गवंड्यांची सोय करणारा साहेब त्यांना पटला. मग बाई आमच्याकडे बघून गोड हसल्या आणि म्हणाल्या, आपल्या दोन भारतीय पाहुण्यांच्या सन्मानार्थ इथे सगळ्यांना इंडिया पेल एल. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला पूर्व लंडनमधल्या बो इथल्या हॉजसनच्या भट्टीतून ही बिअर भारताकडे रवाना व्हायची. महिनोन्‌महिन्यांचा प्रवास, उष्ण कटिबंध दोनदा ओलांडायचा, म्हणून तिच्यात हॉप्स नावाची कडू फुलं भरपूर. तोच तिचा कडवटपणा. पिंपांत भरून, आफ्रिकेला वळसा घालून ती थेट मुंबईपर्यंत यायची.

मुंबईपर्यंत यायची! त्या काळी वादळं, चाचे, उन्हाळे सोसून जी माझ्या गावाजवळ पोचत होती, ती आता त्या काउंटरवरून हातभर अंतरावरच्या माझ्यापर्यंत पोचू शकली नाही. आबांनी ते दोन ग्लास सन्मानपूर्वक एका कॅनेडियन आजीबाईंना दिले. दोन्ही. "त्यांची तब्येत जरा नरम दिसते," म्हणाले.

'पंच टॅव्हर्न'चं मला काही आठवत नाही. 1841 साली निघालेल्या 'पंच' साप्ताहिकाची मंडळी तिथे बसायची, दारात सुंदर फरशा आहेत, आणि स्वच्छतागृहापुढे रांग होती.

शेवटचा मुक्काम 'ब्लॅकफ्रायर'. काळे झगे घालणाऱ्या डॉमिनिकन साधूंचा मठ या जागी होता, तो आठव्या हेन्रीच्या राजवटीत 1538 साली बंद झाला. पब 1875च्या सुमाराचा, 1905 साली आतून संगमरवर आणि ब्राँझने मढवलेला. 1960च्या दशकात पाडायला निघाले होते, कवी जॉन बेट्जेमन आणि इतरांनी आरडाओरड केली म्हणून वाचला. भिंतीवर सगळीकडे गुबगुबीत साधू. एका शिल्पपटात ते मासे आणि वाम धरताहेत. खाली लिहिलंय, 'उद्या शुक्रवार.' शुक्रवारी साधूंना मांस वर्ज्य, म्हणून आदल्या दिवशीच माशांची तजवीज. आबा खूप वेळ बघत राहिले. "यांचीही एकादशीच की," म्हणाले. "फक्त मासे धरून."

भिंतींवर सुविचारही कोरलेत. आबा ते मराठी करून डायरीत उतरवू लागले. 'शहाणपण दुर्मिळ.' 'घाई ती दिरंगाई.' उतरवून झाल्यावर डायरी माझ्याकडे देऊन ते जिन्याकडे गेले.

बाई कुणाला तरी बसचा नंबर सांगत होत्या. छत्री मिटलेली होती. मी काउंटर गाठला. "हाफ ऑफ बिटर, प्लीज." वाक्य दुपारपासून घोटून ठेवलं होतं. बारवाल्या मुलाने विचारलं, कुठली? समोर उभ्या दांड्यांचे हातपंप. एकेक चाखून बघणार का? म्हटलं, बाबा रे, कुठलीही दे. त्याने पंप ओढला. हातपंपाची बिअर नळाच्या पाण्यासारखी भसाभस येत नाही. तो एकदा ओढतो, थांबतो, फेस बसू देतो, पुन्हा ओढतो. ग्लास भरत होता. माझं लक्ष आळीपाळीने ग्लासाकडे आणि जिन्याकडे, आणि मधे भिंतीवर तो 'घाई'चा सुविचार. मी पैसे दिले. ग्लास पुढे सरकला. गार नव्हता, तळघराइतपतच थंड होता, पण काचेवर बाष्प धरलं होतं आणि एक थेंब फेसाखालून निघून हळूहळू माझ्या बोटाकडे येत होता.

"कुणासाठी हो पाव्हणं?"

आबा हात रुमालाला पुसत मागे उभे.

"बाईंसाठी," मी म्हणालो. "बोलून बोलून घसा कोरडा पडला असेल त्यांचा."

आबा क्षणभर बघतच राहिले. "कसं सुचतं हो तुम्हाला! आपण एवढं फुकट ऐकून घेतलं, आपल्या काही ध्यानात आलं नाही." त्यांनी ग्लास माझ्या हातून अलगद घेतला आणि स्वतः नेऊन दिला. बाई खरंच तहानलेल्या असाव्यात. दोन घोटांत संपवला. ऑस्ट्रेलियन, जर्मन आणि कॅनडाच्या आजी, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मग रीतीप्रमाणे बाईंनी आमच्यासाठी लाइम सोडा मागवला.

परतताना ट्यूबमध्ये आबांनी लेकीला फोन लावला. साउथवर्कला 'जॉर्ज इन' म्हणून 1677 सालची सराई आहे, जुन्या गॅलऱ्या अजून शाबूत, मालकी जुन्या वास्तू जपणाऱ्या नॅशनल ट्रस्टची, म्हणजे कागद व्यवस्थित असणार. पुढच्या आठवड्याची दोघांची तिकिटं काढ म्हणाले. तिने तिकडून विचारलं असावं, की पेयाशिवायचं स्वस्त तिकीट असतं, ते काढू का?

"नको गं," आबा म्हणाले. "पाइंटसकटच काढ. कुणाच्या तरी मुखी लागेल."