हिस, प्लेअरची किंमत आणि ‘बेळगावात बसून’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार.

इन-इअरमधल्या, म्हणजे कानात घालायच्या इअरफोनमधल्या, हिसवरच्या (मागे सतत येणाऱ्या शूऽऽ आवाजावरच्या) माझ्या लेखाखाली आपण भलीमोठी प्रतिक्रिया लिहिलीत. वेळ काढलात, आभार. खाली दोन ओळींत उत्तर देऊन मोकळा झालो असतो, पण ती वाचून ओळखीच्या काही जणांनी मला ‘मग आता प्लेअर विकू का?’ म्हणून विचारलं. तेव्हा नीट लिहिणं भाग आहे.

ज्यांनी ती वाचली नाही त्यांच्यासाठी आपलं म्हणणं सांगतो. चांगल्या प्लेअरला (गाणी वाजवायच्या खिशातल्या यंत्राला) हिस नसतोच, तो ऐकू येणाऱ्याने आधी प्लेअर बदलावा. हिस घालवायला मी लेखात सांगितल्यासारखे रेझिस्टर लावून महागड्या आयईएमचं, म्हणजे इन-इअरचं, वाटोळं करू नये. बॅलन्स्ड आउटपुट (दोन्ही कानांच्या तारा पूर्ण वेगळ्या ठेवणारं) वापरावं, टिप्स (इअरफोनच्या टोकाची रबरी बोंडं) बदलाव्यात. आणि शेवटी, ‘बेळगावात बसून, चार प्लेअर हाताळल्याशिवाय असले सल्ले देऊ नयेत. पुण्याला या, ऐकवतो.’

हे शेवटचं वाक्य लागलं, म्हणून आधी तेच घेतो. खडे बाजाराच्या मागच्या गल्लीत माझ्या काकांचं रेडिओ-टेप दुरुस्तीचं दुकान होतं. शाळा सुटली की मी तिथंच. स्पिरिटचा बोळा फिरवून टेपचं हेड पुसायचं, जळालेला रेझिस्टर काढायचा, कथलाची तार वितळवायची. गणपतीच्या आधी खानापूर, निपाणी, चिकोडीकडचे लाऊडस्पीकरवाले आपापले अ‍ॅम्प आणून टाकत. अ‍ॅम्प दुरुस्त झाला की काका लगेच गाणं लावत नसत. इनपुट मोकळं ठेवून आवाज पूर्ण वर न्यायचे आणि स्पीकरला कान लावायचे. ‘आधी गप्प असताना ऐक, मग गाताना.’ पुढं माझं पोटही इलेक्ट्रॉनिक्सवरच चाललं. तेव्हा हिस म्हणजे काय हे मी डेमो रूममध्ये शिकलेलो नाही.

सीमाभागातल्या माणसाला ‘तुम्हाला काय कळतंय’ हे दोन्ही राज्यांकडून ऐकावं लागतं. निदान गाण्याच्या बाबतीत ते ऐकून घ्यायची माझी तयारी नाही. कुमार गंधर्व १९२४ साली इथल्या सुळेभावीत जन्मले. मल्लिकार्जुन मन्सूर धारवाडचे, गंगूबाई हनगल हुबळीच्या. कसं ऐकायचं हे या मुलखाला पुण्याला जाऊन शिकावं लागत नाही. आपल्याला मुद्दा मांडायचा होता तर तो गावाचं नाव न घेताही मांडता आला असता.

आता मुद्दा. ‘चांगल्या प्लेअरला हिस नसतोच.’

कॅम्पफायर ऑडिओ कंपनीचा अँड्रोमेडा हा आयईएम घ्या. कंपनीच्याच आकड्यानुसार त्यातून ९४ डेसिबल आवाज निघायला अवघे ७ मिलिव्होल्ट पुरतात. प्लेअरच्या अ‍ॅम्पचा स्वतःचा नॉइज समजा ३ मायक्रोव्होल्ट आहे. हा आकडा अजिबात वाईट नाही. गणित केलं तर कानात साधारण २७ डेसिबलचा हिस येतो. रात्री, घर झोपलेलं असताना, कानात टिप्स घट्ट बसलेल्या असताना तो ऐकू येणारच. त्याच प्लेअरला सेनहायझर एचडी ६०० हा मोठा हेडफोन लावा. त्याला १ व्होल्ट दिला की ९७ डेसिबल मिळतात. तोच ३ मायक्रोव्होल्टचा नॉइज आता शून्याच्याही १३ डेसिबल खाली जातो. प्लेअर तोच, अ‍ॅम्प तोच, एकाला हिस आणि दुसऱ्याला चिडीचूप. मग सांगा, हा प्लेअर चांगला की वाईट?

हिस जोडीचा असतो, एकट्या प्लेअरचा नसतो. माझा सगळा लेख एवढं सांगण्यासाठी होता आणि तुम्ही नेमकं तेवढंच वाचलेलं नाही.

उलट महाग प्लेअरचाच त्रास जास्त असू शकतो. मोठे हेडफोन चालवता यावेत म्हणून त्यांना ताकद दिलेली असते, काहींचं बॅलन्स्ड आउटपुट ४ व्होल्टपर्यंत जातं. मेथीच्या वाफ्याला पाच एचपीची मोटर लावल्यासारखं ते होतं. गेन, म्हणजे अ‍ॅम्प सिग्नल किती पटीने वाढवतो ते, जितका जास्त, तितका आतला नॉइजही वाढून बाहेर येतो. शूअर एसई८४६ हा ९ ओहमचा, १ मिलिवॉटला ११४ डेसिबल देणारा आयईएम. असल्या मालाला फोनला लावायचा साधा डाँगलसुद्धा पुष्कळदा जास्त शांत पडतो. तुम्ही सांगता ते ऐकून कुणी लाखाचा प्लेअर घेतला आणि शूऽऽ तसंच राहिलं, तर ते पैसे कोण देणार? आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी.

शंका असेल तर घरी बघा. आवाज शून्यावर आणा आणि गाणं चालू करा. तरीही शूऽऽ ऐकू येतंय? मग तो नॉइज व्हॉल्यूमच्या पुढच्या टप्प्यातला, म्हणजे अ‍ॅम्पचा. आता गाणं थांबवा. बऱ्याच प्लेअरमध्ये काही सेकंदांनी अगदी बारीक ‘टक्’ होतं, अ‍ॅम्प झोपतो आणि कानात एकदम पोकळी होते. पुन्हा चालू केलं की पहिला तंबोरा लागायच्या आधीच ते शूऽऽ परत येतं. तोवर ज्याला हिस माहीतच नव्हता, त्यालाही तो एवढ्यानं कळतो. आवाज वाढवल्यावर हिसही वाढत असेल तर तो बहुधा रेकॉर्डिंगमधला. मन्सूरांच्या जुन्या ध्वनिमुद्रणांत टेपची सळसळ असतेच, तिला कुठलाच प्लेअर काही करू शकत नाही. आणि लॅपटॉपचा चार्जर काढल्यावर जाते ती गुणगुण आणखी वेगळी, तिचा इथे संबंध नाही.

रेझिस्टरचं बघू. ‘वाटोळं’ हा शब्द तुम्ही वापरलात. एटिमोटिक कंपनीचा ईआर-४पी हा इअरफोन २७ ओहमचा आणि ईआर-४एस १०० ओहमचा. ७५ ओहमचा रेझिस्टर असलेला अ‍ॅडॅप्टर लावला की पी चा एस होतो, आणि हा मार्ग खुद्द कंपनीचाच. त्यांनीही वाटोळंच केलं म्हणायचं का?

मात्र मल्टी-ड्रायव्हर (आत एकाहून जास्त छोटे स्पीकर असलेल्या) आयईएमला नुसता सिरीज, म्हणजे तारेच्या वाटेतच जोडलेला, रेझिस्टर लावू नये, हे मी लेखात लिहिलेलंच आहे. त्यांचा इम्पिडन्स, म्हणजे ओहममध्ये मोजतात तो विद्युत विरोध, सगळ्या फ्रिक्वेन्सींना सारखा नसतो. समजा एका फ्रिक्वेन्सीला ८ ओहम आहे आणि दुसरीला २४. सोर्सचा, म्हणजे प्लेअरचा, इम्पिडन्स १ ओहम असेल तर या दोन ठिकाणच्या आवाजात अर्ध्यापाऊण डेसिबलचा फरक पडतो, तो कुणाला कळत नाही. वाटेत ७५ ओहम घातले की तोच फरक ८ डेसिबल होतो. गायकाचा गळाच बदलतो.

म्हणून मी डिव्हायडर, म्हणजे दोन रेझिस्टरनी सिग्नल कमी करणारी जोडणी, सांगितला. प्रत्येक चॅनेलला प्लेअरकडून येणाऱ्या वाटेत १० ओहम, आणि त्याच्या पुढे, इअरफोनच्या दोन टोकांमध्ये आडवा १ ओहम. सिग्नल आणि हिस दोन्ही साधारण २१ डेसिबलने खाली येतात. अँड्रोमेडाचा २७ चा हिस ६ च्या आत येतो, म्हणजे संपलाच. गाण्यासाठी प्लेअरचा आवाज तेवढा वर न्यायचा. ७ मिलिव्होल्टच्या जागी ८० च्या आसपास लागतील, ते कुठलाही प्लेअर हसत देतो. आणि आयईएमला समोर दिसतो ०.९ ओहमचा सोर्स, त्यामुळे सूर जिथल्या तिथं राहतो. हाताने सोल्डर करायचं नसेल तर आयफाय कंपनीचा आयईमॅच घ्या, तोही सिग्नल कमी करणारा अ‍ॅटेन्युएटरच आहे. लेखात याची आकृती दिली असती तर बरं झालं असतं, एवढं तुमचं मान्य. आकृती टाकतो.

पण त्याही आधी फुकटातला उपाय करा, गेन लो वर ठेवा. तुमच्या एवढ्या लांब प्रतिक्रियेत गेनचा एकदाही उल्लेख नाही, याचं मला खरंच आश्चर्य वाटलं.

टिप्सबद्दल : टिप्स जितक्या घट्ट बसतील तितका बाहेरचा आवाज अडतो आणि आतला हिस उघडा पडतो. जूनमध्ये आमच्या कौलांवर पाऊस कोसळतो तेव्हा कुणाच्याच प्लेअरला हिस नसतो. बॅलन्स्डबद्दल इथे वाद घालत बसत नाही. केबलबद्दल तर नाहीच नाही.

यापुढे लिहाल तेव्हा आयईएम कुठला, प्लेअर कुठला, गेन कशावर होता आणि आवाज शून्यावर असताना काय ऐकू आलं, एवढं आधी लिहा. ते नसेल तर मी उत्तर देणार नाही.