कण्हेरीवरचा तो फॉरवर्ड, जरा थांबून वाचा

“समुद्राजवळ बाग असेल तर कण्हेर चुकूनही लावू नका” असा मेसेज सगळीकडे फिरतोय. म्हणे नुसत्या वासाने विषबाधा होते, खाऱ्या वाऱ्यात झाड मरतं, रोज पाणी लागतं आणि छाटलं की फुलं बंद.

विषाचं आधी. कण्हेर विषारी आहेच, पान, फूल, खोड, बी सगळंच, त्यातलं ओलिअँड्रिन नावाचं विष थेट हृदयाच्या ठोक्यांवर परिणाम करतं. पण ते पोटात गेलं तर! फुलाचा वास घेऊन कुणाला काही होत नाही. गंमत म्हणजे खरी भीती ज्याची वाटायला हवी ते मेसेजमध्ये नाहीच, ते म्हणजे छाटलेल्या फांद्या. वाळलेलं पानही तितकंच विषारी असतं, त्यामुळे गुरं-बकऱ्या येतात तिथे ढीग टाकून ठेवायचा नाही आणि शेकोटीत तर अजिबात घालायचा नाही, कारण धूरही बाधतो. कापताना हातमोजे घाला, चीक लागला तर हात धुवा. घरात रांगतं मूल किंवा सगळं चघळणारं कुत्रं असेल तर मात्र मीपण म्हणेन, दुसरं काहीतरी लावा.

खारा वारा? अहो, चिवट जाड पानांचं हे झाड किनाऱ्याच्या बागांत कुंपणाला लावतात ते उगाच नाही. हिरोशिमात 1945 च्या अणुबॉम्बनंतर लवकर फुललेलं झाड म्हणून तिथे कण्हेर शहराचं अधिकृत फूल आहे, वाऱ्याचं काय घेऊन बसलात.

रोज पाणी फक्त नव्या रोपाला, तेही मुळं धरेपर्यंत. मूळचं हे कोरड्या नदीपात्रांत वाढणारं झाड, एकदा रुजलं की माती चांगली सुकल्यावरच पाणी द्या.

आता छाटणी, इथे मेसेज अगदी उलटं सांगतो. फुलं नव्या फुटव्यांच्या टोकाला येतात, न छाटलेलं झाड खाली नुसत्या काठ्या आणि वर चार फुलं असं होतं. पानं बहुतेक तीन-तीनच्या चकरीत असतात बघा, त्या चकरीच्या जरा वर कापलं की बऱ्याचदा तीन फुटवे निघतात. बहर ओसरला की लगेच कापा, फार उशीर केलात तर कोवळे फुटवे थंडीत सापडतात. आणि त्या कोवळ्या शेंड्यांवर पिवळाधमक मावा (रस शोषणारे बारीक किडे) बसला तर घाबरू नका, पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने बराचसा धुऊन जातो.