टॉवर-व्ह्यू टू बीएचके

गोव्यात आपल्या बजेटमध्ये फ्लॅट मिळाला की आधी आनंद होत नाही, संशय येतो. फोंड्याच्या जरा पुढे, बसस्टॉपपासून चालत जाण्यासारखा, दुसऱ्या मजल्यावर टू बीएचके, सनद क्लिअर, ऑक्युपन्सी आलेली, कव्हर्ड पार्किंग, आणि भाव आजूबाजूच्या बिल्डिंगींपेक्षा चांगलाच खाली. हे सगळं फोनवर ऐकून बायको म्हणाली, "भूत असणार."

भूत नव्हतं. एजंटने किचन दाखवलं, बाथरूमच्या टाइल्स दाखवल्या, फ्लश ओढून दाखवला, हॉलचा पडदा मात्र त्याच्याने काही केल्या सरकेना. शेवटी आईने जाऊन सर्रकन ओढला. समोर टॉवर. मोबाइलचा नव्हे हो, तो बिचारा लहान असतो. हा हाय टेन्शनचा, चार पाय फाकून शेतात उभा, आणि त्याच्या हातांतून तारा निघून सरळ डोंगरापलीकडे गेलेल्या. कोणी काही बोलेना तेव्हा एजंटच बोलला, "करंट वयर, सर, तुमी सकयल. तुमचो आनी ताचो संबंदच ना." म्हणजे करंट वर, आपण खाली.

खाली उतरून आम्ही टॉवरच्या शेताच्या बांधावर गेलो. माझा मावसभाऊ बरोबर होता, त्याने एकदा आयटीआयला ॲडमिशन घेतली होती त्यामुळे घरातल्या विजेचा तो कायमचा तज्ज्ञ. तो मान वर करून तारा धरणाऱ्या चिनी मातीच्या बशा मोजायला लागला, म्हणे एवढ्या बशा म्हणजे एवढे केव्ही (हजार व्होल्ट), आठ का नऊ यावर त्याचं आणि एजंटचं जुंपलं, आणि तेवढ्यात आईने टॉवरच्या पायाला लावलेला कवटीचा बोर्ड वाचला. ११० केव्ही. सरळ लिहिलेलं होतं.

बातमी फॅमिली ग्रुपवर गेली आणि मग जो तो डॉक्टर. मडगावच्या काकांनी लिहिलं की तारांजवळ राहिलं की केस जातात. काकांच्या घरापासून लांबलांबपर्यंत टॉवर नाही आणि त्यांच्या डोक्यावर केसही नाही, पण हे ग्रुपवर कोण बोलणार. मावशीचं म्हणणं झोप लागत नाही. कोणी म्हणे टीव्हीत मुंग्या येतात. मावसभावाला तर एकच आशा, की हातात धरलेली ट्यूबलाइट तारांखाली आपोआप पेटते, तेव्हा बिलाचं बघायला नको.

मी मग रात्री वाचत बसलो, कारण घरात असा एक माणूस लागतोच ज्याच्यावर नंतर ढकलता येतं. तर १९७९ साली अमेरिकेत डेन्व्हरला दोघा संशोधकांनी तारांजवळची घरं आणि लहान मुलांचा रक्ताचा कॅन्सर यांचा संबंध असावा असं मांडलं, तिथून हे प्रकरण सुरू झालं. पुढे ढीगभर अभ्यास झाले. घरातलं चुंबकीय क्षेत्र सरासरी ०.३ ते ०.४ मायक्रोटेस्लाच्या वर असेल तिथे मुलांमध्ये ल्युकेमिया थोडा जास्त दिसतो, पण तो तारांमुळेच होतो असं काही सिद्ध होईना, आणि होत असेल तर कसा, तेही प्रयोगशाळेत सापडेना. शेवटी २००२ साली कॅन्सरवरच्या आंतरराष्ट्रीय संस्थेने, आयएआरसीने, त्याला २बी गटात टाकलं. म्हणजे 'असूही शकेल'. आमच्या आईच्या भाषेत 'बघूया'.

या २बी गटात आणखी कोण कोण आहे ते मी सकाळी चहाला वाचून दाखवलं ही माझी हौस. कोरफडीच्या अख्ख्या पानाचा अर्क. आशियाई पद्धतीच्या लोणच्यातल्या भाज्या. आईची कोरफडीची कुंडी बाल्कनीत आणि मिस्कुटाची बरणी टेबलावर. तिने बरणीवर हात ठेवून शांतपणे सांगितलं, "आमचं मिस्कूट आंब्याचं. भाजीचं नव्हे." आणि आणखी एक फोड वाढली.

मग मावसभावाने फोनवर ॲप घेतलं. चुंबकीय क्षेत्र मोजायचं. परत सगळे फ्लॅटवर. तो बाल्कनीत गेला, फोन वर धरला, आणि आत आला तेव्हा त्याचा चेहरा पाहण्यासारखा होता. त्रेचाळीस मायक्रोटेस्ला! "तू म्हणतोस पॉइंट चार. हे शंभरपट आहे रे!" बायको खाली फरशीवरच बसली. एजंट कपाळ पुसत म्हणाला की हो मोबाइल चायनाचो. मी म्हटलं खाली रस्त्यावर जाऊन बघ. रस्त्यावर बेचाळीस. हॉटेलात भाजी-पाव येईपर्यंत बघितलं, तिथे त्रेचाळीस. टॉवरपासून मैलोन् मैल लांब आमच्या भाड्याच्या घरात बेचाळीस. देवळाच्या सभामंडपात बेचाळीस. त्याच्या कारच्या दारापाशी तर एकसष्ट, आणि ती गाडी तो गेली कित्येक वर्षं चालवतोय.

फोनमध्ये होकायंत्र असतं, ते पृथ्वीचं क्षेत्र मोजतं आणि ते आपल्याकडे चाळीस-बेचाळीसच्या आसपास असतंच असतं, हे क्षेत्र एका जागी स्थिर आणि तारांचं सेकंदाला पन्नास वेळा मागेपुढे होणारं, दोन्ही एका तराजूत घालायची नसतात, असं मी समजावलं. मावसभाऊ बराच वेळ गप्प राहिला.

"म्हणजे हे टॉवरचं नाही?"

"पृथ्वीचं."

आई म्हणाली, "मग आता जायचं तरी कुठे?"

शेवटी इलेक्ट्रिकल लाइनमधल्या एका मित्राला खरा मीटर घेऊन आणलं. तो म्हणाला संध्याकाळी येतो, लोक एसी लावतात तेव्हा, कारण चुंबकीय क्षेत्र तारेतून किती करंट वाहतो त्यावर असतं, नुसत्या व्होल्टेजवर नाही, आणि भिंत त्याला अडवत नाही, फक्त अंतर अडवतं. हॉलमध्ये मीटर ०.१ च्या आसपास. बाल्कनीत थोडं जास्त. सगळे सुटलो म्हणतोय तोवर हा बाबा आमच्या घरी चहाला आला आणि गंमत म्हणून त्याने मीटर चालू मिक्सरला चिकटवला. आकडा असा उडाला की बायकोने नारळ वाटता वाटता बटण बंद केलं. लोकांसाठीची आंतरराष्ट्रीय मर्यादा २०० मायक्रोटेस्ला आहे आणि मिक्सरही त्याच्या आतच होता हे त्याने लगेच सांगितलं, पण तोवर उशीर झाला होता. "म्हणजे सोलकढीचं खोबरं आता मी रगड्यावर वाटायचं काय?" त्यानंतर तो मित्र चहाला आलेला नाही.

कायदा काय म्हणतो तेही बघून घेतलं. ११० केव्हीच्या तारेपासून बिल्डिंगचं आडवं अंतर नियमाने २.९ मीटर असलं तरी पुरतं. आई म्हणाली, तेवढी तर आमच्या गावच्या घरची न्हाणी होती. इथे अंतर त्याच्या दहापट तरी होतं, पण २.९ हा आकडा ऐकल्यावर तिचा विज्ञानावरचा विश्वास उडाला आणि ती देवीकडे गेली.

देवीचा कौल घ्यायला मूर्तीला पाकळ्या लावल्या. उजवी पडली तर घ्यायचं, डावी पडली तर नाही, एवढं सोपं. पण आईने गाऱ्हाणं घालतानाच अटी टाकल्या, की घर घ्यावं, पण टॉवरचा त्रास नको, पण भावही वाढू नये, पण शेजारी शाकाहारी असले तरी हरकत नाही. मधलीच पाकळी पडली. पुजारी म्हणाले, "बाये, एका वेळी एकच विचारायचं."

बायकोने या सगळ्यात एकच गोष्ट विचारली, आणि ती मीटरमध्येही नव्हती आणि पाकळीतही नव्हती. "आपण नाही घाबरत, ठीक आहे. पण उद्या विकायचं झालं तर घेणारा घाबरेल ना?" आता बोला. म्हणजे आम्ही ज्याचं तोंडही पाहिलेलं नाही अशा माणसाच्या भीतीचा हिशोब आज आमच्या पैशाने करायचा, आणि त्याचा मावसभाऊही ॲप घेऊन येणारच. भाव कमी होता तो टॉवरमुळे नव्हताच, ह्या माणसामुळे होता.

ह्याला उत्तर दिलं खालच्या मजल्यावरच्या एका रिटायर्ड सरांनी. जिन्यात भेटले, हातात अळसांद्यांची, म्हणजे आमच्याकडच्या चवळीची, पिशवी. म्हणाले, पावसात तारा चर्र चर्र करतात, हवा दमट झाली की करतातच, पहिल्या वर्षी मी जागा राहिलो, आता उन्हाळ्यात आवाज नसतो तेव्हा झोप येत नाही. मग मला खिडकीशी नेऊन समोर बोट दाखवलं. "गोव्यात ऑर्चर्ड झोनचं सेटलमेंट झोन होतं, डोंगराचे प्लॉट होतात, झोन बदलून द्यायचं कलम ३९-अ आहेच. ह्या तारांखालच्या बावीस मीटरच्या पट्ट्यात कोण काय बांधतो ते दाखवा मला." खरंच तिथे फक्त अळसांदे होते, दोन बगळे होते आणि एक म्हैस होती. गोव्यात ह्याच्याइतका पक्का झोन मी दुसरा पाहिला नाही.

(२०२० साली मोलेचं जंगल वाचवण्यासाठी मीही डीपी बदलला होता, त्यात एक भांडण ४०० केव्हीच्या लाइनचंही होतं, आणि ते भांडण मला आजही बरोबर वाटतं. पण आपल्या राज्यात विजेचा मोठा प्रकल्प नाही, करंट बाहेरून अशाच कुठल्यातरी टॉवरवरून येतो, आणि लाइट गेली की पहिला फोन मीच करतो, हेही तितकंच खरं. असो.)

एवढं होऊनही आम्ही आणखी विचार करत राहिलो असतो, पण शुक्रवारी एजंटचा फोन आला. "फाल्यां मुंबयची पार्टी येता, सर. तांकां टॉवर चलता." उद्याच दुसरं गिऱ्हाईक! बस. ल्युकेमिया गेला, मिक्सर गेला, न पाहिलेला भित्रा माणूस गेला. आई तर चपला घालून दारातच. म्हणे, मधली पाकळी शेवटी उजवीकडेच कलली होती, मी नीट बघितलं होतं. त्याच संध्याकाळी आम्ही टोकनचा चेक घेऊन मालकाकडे.

मी म्हटलं समोर टॉवर आहे, दोन लाख कमी करा. मालक म्हणाला समोर जन्मात बिल्डिंग येणार नाही, दोन लाख जास्त द्या. जिन्यातले सर म्हणाले तेच शब्द, बहुतेक एकमेकांकडूनच शिकलेले. रात्रीपर्यंत घासाघीस होऊन टॉवरचे वजा आणि मोकळ्या जागेचे अधिक धरल्यावर पहिलाच भाव उरला, फक्त बाल्कनीच्या ग्रिलचे पैसे त्यांनी सोडले. एजंटने आपले दोन टक्के मात्र दोन्ही बाजूंनी घेतले, त्याला टॉवर कुठल्याच बाजूने दिसला नाही.