एका निळ्या ड्रमवरून सगळ्या बायका

मार्च 2025 मध्ये मेरठची ती बातमी आली. बायकोने प्रियकराच्या मदतीने नवऱ्याचा खून केला आणि मृतदेहाचे तुकडे निळ्या ड्रममध्ये टाकून वर सिमेंट ओतलं, असा आरोप. माणूस हादरून जावा अशीच गोष्ट. पण आठवडा उलटायच्या आत त्या मेलेल्या माणसाला सगळे विसरले आणि उरला तो ड्रम. रील, स्टिकर, स्टेटस, गाणी. लग्न ठरलेल्या प्रत्येक पोराला मित्र ड्रमचे फोटो पाठवू लागले.

आमच्या नात्यातल्या एका लग्नात तर पोरांनी खरा ड्रमच स्टेजवर चढवला. झेंडूच्या माळा घातलेला. माईकवर जाहीर केलं, "वहिनींना मित्रमंडळाकडून प्रेमाची भेट." मांडवात हशा पिकला. नवरी मान खाली घालून हिरव्या चुड्याशी चाळा करत राहिली. तिचे वडील दोन क्षण तिथे उभे राहिले आणि "अरे, मठ्ठा आणा इकडे" म्हणत पंगतीकडे निघून गेले. लेकीचा बाप भर मांडवात बोलणार तरी काय!

मला त्या पोरांशीच बोलायचंय, म्हणून हे लिहितोय. वाईट पोरं नाहीत ती. कुणी पोलीस भरतीची तयारी करतंय, कुणी बापाबरोबर कांदा लावतंय, कुणी चाकणला कंत्राटी कामावर आहे. पण त्यांच्या मोबाईलमध्ये रोज रात्री जे वाजतं ते मी ऐकतो. "बाई पैशाचीच असते." "अल्फा बना," म्हणजे बाईवर हुकमत गाजवणारा मर्द बना. "फेमिनिझमने देश बुडवला." आणि मागे फोटो छत्रपतींचा! बाईशी बदअंमल केला म्हणून रांझ्याच्या पाटलाचे हातपाय तोडायला लावणाऱ्या राजाचा फोटो या असल्या बोलण्यामागे लावलेला बघून मला खरोखर संताप येतो.

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाचे 2022 चे आकडे बघा. त्या एका वर्षात देशात 6,450 हुंडाबळी नोंदले गेले. म्हणजे दिवसाला सतराहून जास्त. आज सतरा, उद्या सतरा, परवाही सतरा. मे 2025 मध्ये आपल्या मुळशीत एक सून गेली, हुंड्यासाठी छळ केल्याच्या आरोपाखाली सासरचे लोक पकडले गेले, तेव्हा महाराष्ट्र आठवडाभर बोलला. पण त्यावरून कुणी "नवरे असेच असतात" म्हणत नवरदेवाला दोरी भेट दिली नाही, आणि देऊही नये. पुरुषाने गुन्हा केला की तो त्या एका माणसाचा गुन्हा. बाईने केला की सगळी जात आरोपीच्या पिंजऱ्यात. हा हिशोब कुठला?

हिशोब जुनाच आहे. 1881 मध्ये सुरतेला एका तरुण ब्राह्मण विधवेवर आपलं नवजात मूल मारल्याचा खटला चालला. तिला फाशीची शिक्षा झाली, ती पुढे अपिलात कमी झाली. विधवेला पुनर्विवाह नाही, आणि मूल झालं तर तोंड दाखवायला जागा नाही. त्या मुलाच्या बापाला कुणी कोर्टात उभं केलं नाही. पण पुण्याच्या वर्तमानपत्राला यातून दिसलं काय, तर हल्लीच्या बायका बिघडल्या! तेव्हा बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी लेखणी उचलली आणि 1882 मध्ये 'स्त्रीपुरुषतुलना' छापली. ज्या अवगुणांचं खापर बायकांच्या माथी फोडता ते पुरुषांत नाहीत का, असा त्यांचा रोखठोक सवाल होता. त्यांच्यावर टीका झाली तेव्हा पाठीशी उभे राहिले ते जोतीराव फुले. सुरतेपासून मेरठपर्यंत जवळपास दीडशे वर्षं गेली. तेव्हा छापखाना होता, आता इन्स्टाग्राम आहे.

फरक एवढाच की आता या रागावर पोट भरणारे लोक आहेत. 2022 मध्ये अँड्र्यू टेट या बायकांविरुद्ध बोलणाऱ्या इन्फ्लुएन्सरचं नाव जगभर झालं ते कसं? महिन्याला जवळपास 50 डॉलर भरून पोरं त्याच्या ऑनलाइन 'युनिव्हर्सिटी'त जायची. नवीन गिऱ्हाईक आणलं की कमिशन. म्हणून त्याच्या बोलण्याचे तुकडे कापून हजारो खात्यांवरून ही पोरंच टाकत सुटली. त्याच वर्षाच्या डिसेंबरमध्ये रोमानियात त्याला मानवी तस्करी आणि बलात्काराच्या आरोपांवरून अटक झाली. आरोप तो नाकारतो. 2024 मध्ये आयर्लंडमधल्या डब्लिन सिटी युनिव्हर्सिटीच्या संशोधकांनी कोऱ्या फोनवर किशोरवयीन मुलांच्या नावाने खाती उघडून पाहिली. मुलाने काही शोधो न शोधो, पहिल्या 23 मिनिटांत त्याच्यापुढे हा बाईविरोधी माल येऊन पडला. त्यात यूट्यूब शॉर्ट्सही होतं, जे आपल्या गावातल्या पारावर बसून बघितलं जातं.

पुरुषाचं दुःख खोटं आहे असं मी अजिबात म्हणत नाही. 2022 मध्ये देशात 1,22,724 पुरुषांनी आत्महत्या केल्या, बायकांच्या अडीचपट. हा आकडा ती रीलवाली मंडळी सांगतात आणि तो खरा आहे. पण पुढचं सांगत नाहीत. एकूण आत्महत्यांत दर चारांमागे एकाहून जास्त माणूस रोजंदारीवरचा होता. शेतकरी आणि शेतमजूर मिळून 11,290, त्यातले चार हजारांहून जास्त एकट्या महाराष्ट्रातले. 'कौटुंबिक कारणं' हा रकाना मोठा आहे, 31.7 टक्क्यांचा. त्याचा अर्थ "बायकोचा जाच" असा लावतात, पण त्याच रकान्यात बायकांचेही जीव मोजलेले आहेत. कर्ज, पडलेला भाव, न मिळालेली नोकरी, दारू, यावर साठ सेकंदांचा रील चालत नाही. बायकोवर चालतो. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी!

लग्नाचंही तेच. पोरी मिळत नाहीत, शेतकरी नवरा कुणाला नको, हे दुःख मी घराघरात बघतो. पस्तिशीची पोरं कार्यालयात वाढपी म्हणून हिंडतात. पण पोरी गेल्या कुठे? 2011 च्या जनगणनेत महाराष्ट्रात शून्य ते सहा वयाच्या हजार मुलांमागे 894 मुली होत्या. बीड जिल्ह्यात 807. तेव्हाची ती मुलं आज ऐन मिसरूड फुटायच्या वयात आहेत आणि "मुलींच्या अपेक्षा वाढल्यात" असं ऐकत मोठी होतायत. त्यांच्या वाट्याच्या मुली सोनोग्राफीच्या खोलीतच संपवल्या गेल्या, हे त्यांना कोण सांगणार?

डिसेंबर 2022 मध्ये सोलापुरात बिनलग्नाच्या तरुणांनी मुंडावळ्या बांधून, घोड्यावर बसून कलेक्टर कचेरीवर मोर्चा नेला होता. लोकांनी त्याची थट्टा केली. मला ती पोरं आवडली. त्यांच्या मागण्यांत होती गर्भलिंगनिदानविरोधी कायद्याची कडक अंमलबजावणी. दुखणं कुठे आहे ते त्यांनी बरोबर ओळखलं होतं आणि त्यासाठी एकाही बाईला शिवी दिली नव्हती.

आता 498अ, म्हणजे नवरा आणि सासरच्यांकडून होणाऱ्या छळाविरुद्धचं जुनं कलम (जुलै 2024 पासून ते भारतीय न्याय संहितेत कलम 85 झालं). खोट्या केसेस होतात का? होतात. म्हाताऱ्या आईबापांना, परगावच्या नणंदेला गोवलं जातं, ते मी पाहिलंय. डिसेंबर 2024 मध्ये बंगळुरूच्या एका इंजिनिअरने चोवीस पानं लिहून जीव दिला, तेव्हा मलाही झोप लागली नाही. पण कायदा ऐकतच नाही हे खरं नाही. नुसती तक्रार आली म्हणून सरसकट अटक करू नका, हे सर्वोच्च न्यायालयाने 2014 मध्येच बजावलं. पुराव्याशिवाय सासरच्या सगळ्यांना गोवू नका, हे डिसेंबर 2024 मध्ये पुन्हा सांगितलं. दुसरी बाजूही ऐका. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत हिंसा सोसलेल्या दर चार बायकांपैकी तिघींनी कुणाला एका शब्दानेही सांगितलं नव्हतं, मदत मागणं तर दूरच. खोटी केस करणारीवर जरूर कारवाई व्हावी. पण तिच्यासाठी या गप्प बसलेल्या बायकांचा दरवाजा बंद करा म्हणणाऱ्याच्या बाजूने मी कधीच उभा राहणार नाही.

कमेंटमध्ये भांडायला या, मी उत्तर देईन. शिव्या मात्र काढून टाकेन. ज्याच्यावर खरंच केस आहे त्याने रील बघत बसण्यापेक्षा जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जावं. उत्पन्न कमी असेल तर पुरुषालाही वकील फुकट मिळतो. आणि रात्री डोकं थाऱ्यावर नसेल तर 14416 लावा. टेलिमानस ही मानसिक आरोग्याची हेल्पलाइन आहे, सरकारी आहे, पैसे पडत नाहीत आणि मराठीत बोलता येतं.