देवस्थानची जमीन विश्वस्तांची नसते : फिरत्या मेसेजला उत्तर

गावोगावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक मजकूर फिरतोय. ट्रस्ट म्हणजे विश्वस्त, म्हणून देवस्थानची जमीन त्यांचीच. बहुमताने ठराव झाला की ती विकता येते. हिशोब ही अंतर्गत बाब. आणि जो विश्वस्त नाही त्याने विचारायचं कारण नाही, असा त्याचा सूर. महाराष्ट्रात यातलं एकही विधान टिकत नाही. यावर विसंबून कुणी खरेदीखत केलं, तर देवस्थान आणि घेणारा दोघंही कोर्टाच्या पायऱ्या झिजवतील.

मालकीपासून सुरुवात करू. मालमत्ता विश्वस्तांच्या हाती सोपवलेली असते हे खरं, पण ती ट्रस्टच्या उद्देशासाठी. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, 1950 च्या कलम 36अ मध्ये कर्तव्य सांगितलंय ते असं, की शहाणा माणूस स्वतःची मिळकत जशी सांभाळेल तशी ही सांभाळायची. सर्वोच्च न्यायालयाने 2021 मध्ये मध्य प्रदेशातल्या प्रकरणात स्पष्ट केलं, की देवस्थानच्या जमिनीचा मालक देव, पुजारी केवळ व्यवस्थापक. महसुली नोंदीत मालकाच्या रकान्यात देवाचंच नाव हवं.

ठरावाचा मुद्दा सगळ्यात घातक आहे. कलम 36 प्रमाणे स्थावर मालमत्तेची विक्री, अदलाबदल किंवा बक्षीस धर्मादाय आयुक्तांच्या, म्हणजे सार्वजनिक ट्रस्टवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी अधिकाऱ्याच्या, पूर्वपरवानगीशिवाय वैध ठरत नाही. शेतजमीन 10 वर्षांहून अधिक, किंवा बिगरशेती जमीन अथवा इमारत 3 वर्षांहून अधिक काळ भाडेपट्ट्याने द्यायची, तरी परवानगी लागते. म्हणजे ‘विकत नाही, फक्त 29 वर्षांच्या लीजवर देतो’ ही पळवाटही बंद. ठराव हवाच, पण तो अर्जाला जोडायचा एक कागद. विकण्याची गरज काय, मूल्यांकन किती, जाहिरात देऊन इतरांचे देकार मागवले का, हे तपासलं जातं. सगळे विश्वस्त एकमताने सही करून बसले तरी ही पायरी टळत नाही. फसवणुकीने किंवा माहिती लपवून मिळवलेली परवानगी रद्दही होते. 2017 च्या दुरुस्तीने मागाहून मंजुरीची सोय झाली, पण ती अपवादात्मक परिस्थितीसाठी. आधी विका, मग बघू, असा तिचा अर्थ लावणं धोक्याचं आहे. ट्रस्टच्या नावाने कर्ज काढायलाही मंजुरी लागते.

पैसाही हवा तिथे गुंतवता येत नाही. कलम 35 ने जागा ठरवून दिल्या आहेत. अध्यक्षांच्या ओळखीच्या बिल्डरकडे जास्त व्याजाने ठेवणं त्यात बसत नाही.

हिशोब ‘अंतर्गत’ असता तर लेखापरीक्षण सक्तीचं नसतं. ते दरवर्षी करून अहवाल धर्मादाय कार्यालयात जातो. लेखापरीक्षकाला ठरावीक प्रश्नांची उत्तरं लिहावी लागतात : पैसा उद्देशाबाहेर खर्च झाला का, कुणी विश्वस्त ट्रस्टचा देणेकरी किंवा घेणेकरी आहे का, 5,000 रुपयांवरच्या दुरुस्ती किंवा बांधकामाला निविदा मागवल्या का. गावच्या देवळाचा सभामंडप कुणी बांधला आणि किती दराने, हे या शेवटच्या उत्तरातून कळायला लागतं.

मेसेजमागची एक भीती मात्र समजून घ्यावी लागेल. पदरमोड करून देवळाचं काम पाहणाऱ्याला वाटतं, की एक चूक झाली की आपण चोर ठरणार. तसं नाही. रोजच्या व्यवहाराचे अधिकार विश्वस्तांकडेच आहेत. कलम 41ड खाली विश्वस्ताला काढून टाकायला सतत कसूर, हुकमाची जाणूनबुजून पायमल्ली किंवा गैरकृत्य अशी कारणं लागतात. प्रामाणिकपणे वागून कागद नीट ठेवणाऱ्याने घाबरू नये.

राहिला विचारण्याचा हक्क. कलम 41ड चा अर्ज कुणी करावा? दुसरा विश्वस्त किंवा ट्रस्टमध्ये हितसंबंध असलेली कोणीही व्यक्ती. आणि देवळाच्या बाबतीत तिथल्या पूजेला हजर राहण्याचा हक्क असलेला माणूस हितसंबंधी आहे, असं कायद्याच्या व्याख्येतच लिहिलंय. तो रोज देवळात जातो की नाही, यावर ते अवलंबून नाही.