पंखा छोटाच का लावला – अमिगा १२०० च्या रिव्ह्यूला आमचं उत्तर

नमस्कार सर, तुमच्या अमिगा १२०० मध्ये, म्हणजे कमोडोर कंपनीच्या जुन्या घरगुती कॉम्प्युटरमध्ये, आम्ही पंखा बसवून दिला, त्यावरचा तुमचा रिव्ह्यू वाचला. दोन स्टार दिलेत आणि लिहिलंय की मशीन अजून खालून गरमच लागतं, पंखा इतका छोटा की फिरतो का तेच कळत नाही, वरून ८० एमएमचा मोठा पंखा बसवा म्हणालो तर नाही म्हणाले, काढलेले पार्ट पिशवीत भरून परत दिले आणि वर नवीन पॉवर सप्लाय घ्या म्हणून खर्च सांगितला. तुमच्यासारखंच १२०० बाळगून असलेले अजून लोक हे वाचणार, म्हणून जरा सविस्तर लिहितोय.

आधी मोठ्या पंख्याचं. अमिगा १२०० आलं १९९२ साली, त्यात ६८ईसी०२० प्रोसेसर १४ मेगाहर्ट्झला चालायचा, त्याला पंखा लागतच नव्हता आणि कमोडोरने दिलाही नव्हता. तुमच्या मशीनमध्ये आता ६८०६० या जास्त वेगवान प्रोसेसरचं ॲक्सलरेटर कार्ड, म्हणजे मशीनचा वेग वाढवणारं जोडकार्ड आहे आणि ते बसतं खाली, ट्रॅपडोअरमध्ये, म्हणजे तळाला झाकण असलेल्या खणात, म्हणजे मदरबोर्डच्या खालच्या अंगाला. आता वरून बॉडी कापून पंखा लावला तर तो हवा कुठून ओढणार? जवळून, म्हणजे कीबोर्डच्या फटीतून आणि फ्लॉपीच्या तोंडातून. मधे अख्खा मदरबोर्ड आडवा आहे, खालच्या कार्डापर्यंत ती हवा पोचतच नाही, उलट फ्लॉपीच्या हेडवर धूळ बसते. शिवाय १९९२ ची मूळ बॉडी एकदा कापली की कापली, ती परत जोडता येत नाही, म्हणून आमच्याकडे कुणी कितीही पैसे देतो म्हटलं तरी आम्ही ती कापत नाही.

म्हणून आम्ही ४० एमएमचा ५ व्होल्टचा पंखा खाली, कार्डाच्या शेजारी, हीटसिंकच्या, म्हणजे चिपची उष्णता ओढून घेणाऱ्या धातूच्या तुकड्याच्या, पात्यांमधून हवा जाईल असा लावलाय. ट्रॅपडोअरचं बंद झाकण काढून जाळीचं लावलं, मागे उंच रबरी पाय दिले आणि बोर्डावरचा शील्डचा पत्रा काढला, म्हणजे गरम हवा मागच्या वरच्या फटींतून निघून जाते. पिशवीत आहे ते हेच, पत्रा आणि मूळ झाकण. ते टाकू नका, उद्या मशीन पहिल्यासारखं करायचं झालं तर लागेल. आवाज येत नाही ही तक्रार मी कशी घेऊ कळत नाही, शांत चालावा म्हणूनच तो निवडलाय.

आता गरम लागण्याचं. तुम्ही हात लावता ती जागा प्रोसेसरची नाहीये, तिथे कार्डाचा रेग्युलेटर, म्हणजे व्होल्टेज कमी करून देणारा भाग आहे. ६८०६० ला ३.३ व्होल्ट लागतात आणि मशीन देतं ५, मधले १.७ तुमच्या कार्डावरचा लिनिअर रेग्युलेटर निव्वळ उष्णता करून घालवतो, म्हणजे प्रोसेसरसाठी घेतलेल्या पॉवरचा तिसरा हिस्सा तिथेच जळतो. त्यालाही आम्ही वेगळं छोटं हीटसिंक लावलंय, बिलात लिहिलंय बघा. आणि बोट म्हणजे काही थर्मामीटर नाही हो, पन्नास डिग्रीच्या वर धातूला बोट टिकत नाही पण चिप तिथे निवांत चालते. आमच्याकडे टेस्टिंगला खोलीत ३१ होतं आणि पूर्ण लोडवर हीटसिंक ५२ ला येऊन स्थिर झालं. म्हणजे खोलीपेक्षा साधारण २१ वर. हा फरक तुमच्याकडेही जवळपास तेवढाच राहणार, त्यामुळे नागपूरच्या मे महिन्यात खोलीतच ४३ असेल तर ते ६४ होणार, कुठलाही पंखा ते खोलीच्या खाली आणू शकत नाही.

पण तुम्ही रिव्ह्यूला जो फोटो जोडलाय त्यात मला खरी अडचण दिसतेय. मशीन जाड क्रोशाच्या टेबलक्लॉथवर ठेवलंय, रबरी पाय त्यात रुतलेत आणि खालची जाळी कापडाला टेकलीये. हवा आत यायची वाटच बंद. कृपा करून आजच ते उघड्या लाकडावर किंवा सनमायकावर ठेवा आणि तासभर चालवून बघा, एवढ्यानेच फरक पडेल. अजून एक, कूलर बाजूलाच दिसतोय, त्याचा झोत मशीनवर घेऊ नका. गार वाटतं पण ती दमट हवा असते आणि या बोर्डांचे जुने कपॅसिटर आधीच गळके, त्यातून सांडलेल्या द्रवात दमटपणा आला की तांब्याच्या ट्रॅक खाल्ल्या जातात. खरं तर मशीन गार ठेवायचं ते प्रोसेसरपेक्षा या कपॅसिटरसाठी जास्त, साधारण १० डिग्री वाढली की त्यांचं आयुष्य निम्मं होतं. प्रोसेसर मिळेल एकवेळ, पण मूळ बोर्ड खराब झाला तर दुसरा सहज मिळत नाही.

पॉवर सप्लायचं, तर तुम्ही म्हणालात गरम झालं की हँग होतं. आमच्याकडे ते सकाळी थंड असतानाही हँग झालं, तेव्हाच शंका आली. बोर्डावर मोजलं तर लोडवर ५ व्होल्टच्या जागी ४.७, आणि ४.७५ च्या खाली या चिप्सची खात्री नाही. मूळ सप्लाय साध्या १२०० साठी दिलेला, कार्ड, सीएफ (डिस्कच्या जागी वापरायचं मेमरी कार्ड), पंखा असा भार त्याच्या गावीही नव्हता, त्या काळातसुद्धा लोक कार्ड लावलं की अमिगा ५०० चा जड सप्लाय वापरायचे. तो आमच्याकडूनच घ्या असं मी म्हटलेलं नाही, आताही म्हणत नाही. कुठूनही घ्या, फक्त वायर जाड असू द्या आणि व्होल्टेज सप्लायच्या प्लगवर नाही, बोर्डावर मोजा.

तरीही समाधान नसेल तर मशीन परत आणा, तुमच्यासमोर थर्मोकपल (तापमान मोजायची तार) लावून तासभर चालवून दाखवतो, त्याचे पैसे नाहीत. कुरियरने पाठवणार असाल तर ॲक्सलरेटर कार्ड काढून वेगळं पॅक करा, ते नुसतं कनेक्टरवर लटकलेलं असतं, रस्त्यात धक्का बसला की सैल होतं.